काही न धरता

चालत्या एसटीत कंडक्टर काही धरत नाही. तुम्ही हजार वेळा बघितलं असेल पण लक्षात आलं नसेल. एका हातात तिकिटाचं मशीन, दुसऱ्या हाताच्या बोटांच्या बेचक्यात उभ्या दुमडलेल्या नोटा, खांद्याला बॅग, आणि मधल्या गल्लीत उभं राहून मांडीचा जरासा टेकू सीटच्या कडेला लावायचा, मग गाडी खड्ड्यातून जाऊ दे नाहीतर म्हैस आडवी आली म्हणून ड्रायव्हर करकचून ब्रेक मारू दे, आपलं तिकीट देणं चालू. मी हे १६ वर्षं केलं. सोलापूर-अक्कलकोट, सोलापूर-तुळजापूर, सोलापूर-बार्शी, वारीच्या दिवसांत पंढरपूर. ट्रेनिंगमध्ये टप्पे शिकवले, वेबिल भरायला शिकवलं, उभं कसं राहायचं ते कुणीच शिकवलं नाही, ते पहिल्या महिन्यात अंगात आपोआप उतरतं. पोटऱ्या दुखतात, दुखतात आणि मग एक दिवस दुखायच्या थांबतात. डोक्यात गाठ आहे हे कळलं तेव्हा मी मरणाला घाबरले, पोरांचं काय होईल म्हणून रात्रभर रडले, पण हे उभं राहणं जाईल असं मनातसुद्धा आलं नव्हतं.

सुरुवात फोनपासून झाली. २०२१ चं साल, लॉकडाऊननंतर गाड्या पुन्हा नीट सुरू झाल्या होत्या. उजव्या हातात मशीन म्हणून फोन मी कायम डाव्या कानाला लावायचे. घरून फोन आला की आवाज यायचा पण शब्द कळायचे नाहीत. मुलगी बोलतेय एवढं कळायचं, काय बोलतेय ते नाही, जसं शेजारच्या खोलीत कुणीतरी बोलतंय. मी म्हणायचे, रेंज नाही गं, नंतर कर. फोनच बिघडलाय म्हणून नव्या पेठेत जाऊन त्याचा स्पीकर बदलून आणला. मग एक दिवस अक्कलकोट स्टँडवर चहा पिताना सहज उजव्या कानाला लावला आणि एकदम लख्ख ऐकू आलं. मी फोन परत डाव्या कानाला लावला, परत उजव्या. चार वेळा केलं. चहावाला बघत होता.

तरीसुद्धा किती वेळ गेला बघा. आम्ही साखर पेठेत राहतो, पूर्व भागात, भिंतीपलीकडं यंत्रमाग. माझे सासरे, आम्ही त्यांना मामा म्हणतो, ४० वर्षं मागावर चादरी विणत होते आणि मागावरच्या बहुतेक माणसांसारखे तेही दोन्ही कानांनी कमी ऐकतात. त्यामुळं आमच्या घरात सगळेच ओरडून बोलतात, पाहुण्यांना वाटतं भांडण चाललंय. अशा घरात एकीला एका कानानं कमी यायला लागलं तर कोण कशाला दचकेल. ज्या डॉक्टरांकडं पहिल्यांदा गेले त्यांनीही तेच म्हटलं, घरात मागाचा आवाज, नोकरीत इंजिनाचा आवाज, कान जाणारच, थोडा मळ पण आहे. थेंब दिले. मी थेंब घालत बसले, एक बाटली संपली की दुसरी, असे १४ महिने. कानात सतत एक खटखट, खटखट चालू असायची, मला वाटायचं शेजारचा मागच आहे, आणि माग बंद झाल्यावरही ती थांबत नाही हे मला एका रात्री लाईट गेल्यावर कळलं. सगळी गल्ली गप्प होती, माझ्या डाव्या कानात माग चालू.

त्या १४ महिन्यांचा मला अजून राग येतो. पुढं ज्यांनी ऐकण्याची नीट टेस्ट केली त्या डॉक्टरांनी कागदावरच्या दोन रेघा दाखवल्या, उजव्या कानाची सरळ चाललेली आणि डाव्याची घसरत गेलेली, आणि म्हणाले, आवाजानं कान गेले तर बहुतेक करून दोन्ही जातात ओ बाई, एकच गेला तर का गेला ते बघावं लागतं. एवढी साधी गोष्ट. हे वाचणाऱ्या कुणाचा एकच कान कमी झाला असेल, एकाच कानात आवाज येत असेल, तर कृपा करून थेंबांवर थांबू नका, एमआरआयबद्दल स्वतःहून विचारा.

पण त्या डॉक्टरांकडं मी गेले ती कानासाठी नव्हेच. वळसंगजवळ माझा तोल गेला म्हणून गेले. भरलेली गाडी, संध्याकाळची, मी मागून पुढं येत होते आणि वळणावर पाय जिथं पडायला हवा तिथं पडलाच नाही, मी सरळ एका माणसाच्या अंगावर गेले. मशीन खाली पडलं, चिल्लर सगळीकडं. तो माणूस उठला आणि मोठ्यानं म्हणाला, बाई पिऊन आलीय का काय. काही जण हसले. दोन कॉलेजच्या पोरींनी सीटखाली वाकून माझी नाणी गोळा करून दिली. मी काही बोलले नाही, अक्कलकोटला गाडी लागल्यावर कंट्रोलरच्या खोलीमागं जाऊन रडले. त्याआधीही अंधारात बाथरूमला जाताना भिंत धरावी लागायची, डोळ्यांत साबण गेला की अंघोळ करताना पडल्यासारखं व्हायचं, पण हे सगळं मी बीपीवर ढकललं होतं.

रिपोर्टवर लिहिलं होतं, व्हेस्टिब्युलर श्वानोमा, ३.१ सेंटिमीटर. वर्षाला लाखभर लोकांत साधारण एखाद्याला होते म्हणे. ही गाठ कॅन्सरची नसते, पसरत नाही, हळूहळू वाढते. आठव्या नसेवर, म्हणजे ऐकण्याची आणि तोलाची जी नस कानाकडून मेंदूकडं जाते तिच्या आवरणावर उगवते. आणि त्याच हाडाच्या बोळातून, तिला अगदी चिकटून, सातवी नस जाते, चेहऱ्याची. माझी गाठ बोळातून बाहेर येऊन मेंदूच्या देठाला टेकली होती. पुण्याच्या सर्जननी आम्हा दोघांना समोर बसवलं आणि बोटांवर मोजून सांगितलं, आधी जीव, मग चेहरा, मग कान, ह्या क्रमानं आम्ही वाचवायला बघतो, तुमचा कान तसाही गेलेला आहे. ह्यांनी विचारलं, आणि ड्युटी? सर्जन थोडा वेळ गप्प बसले. म्हणाले, तोलाची ती बाजू कायमची जाईल, पण मेंदू शिकतो. ते वाक्य मी तेव्हा नीट ऐकलंच नाही, मी चेहऱ्यावर अडकले होते.

आमच्या मुलानं मोबाईलवर बरंच शोधून वाचलं. त्यानंच सांगितलं की १०० वर्षांपूर्वी ह्या गाठीच्या ऑपरेशनला लोक जवळजवळ मरायलाच जायचे, हार्वी कुशिंग म्हणून एक अमेरिकन सर्जन होते, त्यांनी १९१७ साली नुसत्या ह्याच गाठीवर अख्खं पुस्तक लिहिलं. बारावीचा पोरगा, आईला धीर द्यायचा म्हणून इंग्रजीतलं वाचून मला मराठीत सांगत होता, त्याचा आवाज कापत होता आणि मी त्याला उजव्या बाजूला बसवून ऐकत होते.

डिसेंबर २०२२ मध्ये ऑपरेशन झालं. ९ तास. कानामागून कवटीला भोक पाडून गाठ काढली, ज्वारीच्या दाण्याएवढा तुकडा चेहऱ्याच्या नसेला घट्ट चिकटला होता तो मुद्दाम तसाच ठेवला. त्या दिवसांचं फार सांगण्यासारखं नाही, कारण मला आठवतंच थोडं. शुद्ध आली तेव्हा आयसीयूचं छत उजवीकडून डावीकडं धावत होतं आणि थांबत नव्हतं. डोळे मिटले तर पलंग बुडत होता. आणि नर्सनं पाणी पाजलं ते डाव्या ओठातून गळ्यावर सांडलं, तेव्हा कळलं की चेहरा पण गेला. नस तुटली नाही, दुखावलीय, येईल, असं डॉक्टर म्हणाले. फाईलवर लिहिलं, एचबी ग्रेड ५. चेहऱ्याचा लकवा मोजायची ६ पायऱ्यांची ही पट्टी १९८५ पासून जगभर वापरतात, १ म्हणजे पूर्ण चांगला, ६ म्हणजे काहीच हलत नाही. माझी पाचवी पायरी.

पुण्याहून सोलापूर २५० किलोमीटर, मी गाडीत आडवी आणि प्रत्येक स्पीडब्रेकर डोक्यातून जात होता.

घरी आल्यावर गल्लीतून जे आलं त्यानं विचारलं, वारं मारलंय का? कुणी म्हणालं फुगे फुगव, गाल येतो जागेवर. कुणी कसलं तेल आणून दिलं. लोकांचं प्रेम होतं त्यात, मी नाही म्हणत नाही, पण सगळ्यांना माझं तोंड तेवढं दिसायचं. मला स्वतःला त्या पहिल्या महिन्यात तोंडापेक्षा जमिनीचं जास्त होतं. जमीन माझी राहिली नव्हती. पलंगावरून पाय खाली सोडले की घर नावेसारखं एका बाजूला जायचं. संडासपर्यंतची १२ पावलं मी आत्यांच्या, म्हणजे सासूबाईंच्या, खांद्यावर हात ठेवून जायचे आणि येताना घामानं भिजलेली असायचे.

डोळ्याचंही सांगते. डावी पापणी मिटत नव्हती. दिवसा दर तासाला थेंब, रात्री जेल घालून पापणी कागदी टेपनं चिकटवायची, नाहीतर बुबुळ वाळून जखम होते. मुलीनं ते काम स्वतःकडं घेतलं. आठवीतली पोर, रोज रात्री साडेदहाला हात धुऊन यायची, टेपचे दोन तुकडे कापून स्वतःच्या मनगटावर लावून ठेवायची, मग माझी पापणी अंगठ्यानं हळूच खाली ओढायची, आई, खाली बघ, आणि टेप लावून वरून फुंकर घालायची. फुंकर कशाला घालतेस म्हटलं तर म्हणाली, सवय लागलीय.

जेवणात घास डाव्या गालात साठून राहायचा, बोटानं काढावा लागायचा. शेंगा चटणी तर विसराच, तिची पूड गालात आणि हिरडीत जाऊन बसायची. कडक भाकरी आमटीत कुस्करून, पार लगदा करून खायचे. शिवाय चव अर्धी. सातवी नस जिभेच्या पुढच्या भागाची चवही नेते, हे तेव्हा कळलं. एकाच घासाला उजवीकडं लसणाचं तिखट लागायचं आणि डावीकडं लोखंड चाटल्यासारखं.

आणि पाण्याचा दिवस. सोलापूरच्या माणसाला हे वेगळं सांगायला नको, नळाला पाणी तेव्हा चार-पाच दिवसांनी यायचं आणि आलं की घरातलं जे उभं राहू शकतं ते सगळं पाणी भरायला लागायचं. मला सहा आठवडे वाकायचं नाही, उचलायचं नाही, जोर करायचा नाही, नाहीतर मेंदूभोवतीचं पाणी नाकातून गळायची भीती. शेजारच्या अक्का, पद्मशाली आहेत, घरात तेलुगू आणि आमच्याशी मराठी, त्यांनी पहिल्याच दिवशी आमच्या बॅरलमध्ये आपला पाईप सोडला आणि म्हणाल्या, तू खुर्चीवर बस आणि भरलं की नुसतं सांग. तर मी खुर्चीवर बसून पाण्याचा आवाज ऐकायचे. पण नळ कुठल्या बाजूला चालू आहे तेच मला कळेना. एका कानाला आवाज ऐकू येतो, आवाज कुठून येतोय हे कळायला दोन कान लागतात. डावीकडचा माग मला उजवीकडून ऐकू यायला लागला होता. घर तेच, आवाज तेच, सगळे भलत्याच भिंतीतून येत होते. बॅरल भरून वाहायला लागलं की माझ्या पायाला पाणी लागायचं, तेव्हा मी अक्का म्हणून हाक मारायचे.

घरच्यांचं एकच, पडून राहा. मोठं ऑपरेशन झालंय, विश्रांती घे. हे कामावर जाताना दारातून परत यायचे मी पडलेय का बघायला. आणि पडून राहिलं की बरं वाटायचं हे खरंच होतं, उशीवर डोकं स्थिर ठेवलं की चक्कर यायचीच नाही. मला वाटलं असंच पडून राहून एक दिवस बरी होईन.

पाचव्या आठवड्यात फिजिओ मॅडम आल्या. वय फार तर सत्तावीस. त्यांनी मला उठवलं, भिंतीपासून हातभर लांब उभं केलं आणि हात सोडला. मी ओरडले. त्या म्हणाल्या, मी आहे मागं, पण धरणार नाही. मग बसवून समजावलं. तोल तीन ठिकाणांहून येतो. कानातल्या तीन अर्धगोल नळ्या, त्यात पाणी असतं, डोकं जिकडं वळेल तसं ते हलतं. दुसरं डोळे. तिसरं पाय, तळवे, घोटे, सांधे. तुमचा डावा कान आता मेंदूला काहीच सांगत नाही, उजवा एकटा सांगतोय, म्हणून मेंदूला वाटतंय तुम्ही सारख्या गोल फिरताय. ती नस परत येणार नाही. मेंदूलाच नवा हिशोब बसवावा लागेल, आणि चक्कर आल्याशिवाय त्याला हिशोब चुकतोय हे कळणार कसं? तुम्ही पडून राहिलात तर तो कशाला शिकेल?

मला सर्जनचं ते वाक्य आठवलं, मेंदू शिकतो. मी तोपर्यंत समजत होते की तो आपोआप शिकतो, जखम भरते तसा. मला कुणी सांगितलंच नव्हतं की त्याला रोज चुकवायला लागतं.

व्यायाम म्हटले तर पोरखेळ वाटतील. एक जुनं तिकीट हातभर अंतरावर अंगठ्यात धरायचं, त्यावरच्या एका अक्षरावर नजर ठेवायची आणि मान डावी-उजवी करायची, अक्षर हललं नाही पाहिजे. माझं अक्षर होतं 'अक्कलकोट' मधला 'ट'. पहिल्या दिवशी मान दोनदा वळवली आणि तो ट असा नाचला की मला उलटी झाली. दिवसातून तीन वेळा, एक-एक मिनिट. आमच्या घरात शहाबादी फरशी आहे, तिच्या दोन फरशांमधली जी सिमेंटची रेघ, तिच्यावरून टाचेला अंगठा लावत चालायचं. उलट्या दिशेनं. मग मान वळवत. मग डोळे मिटून दोन्ही पाय जुळवून उभं राहायचं. मग मऊ जागेवर, कारण मऊ जागेवर पायांना जमीन नीट कळत नाही आणि मेंदूला एकट्या कानावर भागवावं लागतं. मॅडम म्हणाल्या जाड फोम आणा. मामांनी ट्रंकेतून सोलापुरी चादरी काढल्या, त्यांनीच विणलेल्या, चार चादरींच्या घड्या करून एकावर एक ठेवल्या आणि म्हणाले, ह्याच्यावर हुबी ऱ्हा. मी म्हटलं मामा, चादरीवर पाय? ते म्हणाले, पांघरायलाच केल्यात व्हय.

मामा समोर खुर्चीत बसायचे आणि मोजायचे. त्यांना माझं ऐकू यायचं नाही, मला त्यांचं अर्धं ऐकू यायचं. मी डोळे मिटून चादरीवर उभी आणि ते मोठमोठ्यानं एक, दोन, तीन. पहिल्या आठवड्यात चारच्या पुढं गेलो नाही. आत्या स्वयंपाकघरातून येऊन हात धरायला बघायच्या, त्यांना ते बघवायचं नाही, मामा हातानंच त्यांना थांबवायचे. मला वाटतं माझ्यासाठी सगळ्यात कठीण गोष्ट त्या दोघांनी केली, मी पडायला लागलेली दिसत असताना बसून राहणं. मार्चमध्ये तीसपर्यंत आले. संध्याकाळी सातनंतर मात्र काहीच जमायचं नाही, डोकं जड व्हायचं, बोलायचीसुद्धा ताकद नसायची, कारण जे काम पूर्वी न सांगता व्हायचं ते आता मेंदू दिवसभर हाताखाली घेऊन करत होता.

त्याच मार्चमध्ये, १७ मार्च २०२३ ला, एसटीत बायकांना अर्धं तिकीट सुरू झालं. डेपोतल्या मैत्रिणींचे फोन, गाड्यांना पाय ठेवायला जागा नाही, माहेरी जायला बायका नुसत्या लोटल्यात, तू पाहिजे होतीस गं. मी फोन उजव्या कानाला लावून ऐकायचे आणि नंतर बराच वेळ गप्प बसायचे. इतकं काही बायकांसाठी झालं आणि मी चादरीच्या घडीवर.

चेहरा फार सावकाश आला. नस दिवसाला साधारण एक मिलिमीटर वाढते, असं सांगितलं होतं, म्हणजे वाट बघण्याशिवाय हातात काही नव्हतं. आरशासमोर अगदी हलका व्यायाम, जोर लावायचा नाही, म्हणूनच फुगे फुगवायला मॅडमनी सक्त मनाई केली. सातव्या महिन्यात एका सकाळी दात घासताना डाव्या ओठाचा कोपरा जरासा हलला. केसभर. मी फेसानं भरलेल्या तोंडानंच मुलीला हाक मारली, परत करून दाखव म्हणाली तर येईना, आणि दुपारी परत आला. आता एचबी ३ आहे. जेवताना डावा डोळा आपोआप बारीक होतो, कारण परत वाढलेले धागे आपल्या जुन्याच जागी गेले असं होत नाही, काही ओठांचे डोळ्याकडं गेले. फोटोत मी अजून तोंड मिटूनच असते. हसणं अजून पूर्ण आलेलं नाही आणि त्याचं मला वाईट वाटतं, ते वाटत नाही असं मी म्हणणार नाही.

ऑपरेशननंतरचा पहिला गड्डा, म्हणजे सिद्धरामेश्वरांची संक्रांतीची जत्रा, मी घरातच, पडूनच काढला, दारूकामाचे आवाज तेवढे आले, सगळे उजवीकडून. पण दुसऱ्या गड्ड्याच्या आधी, काठ्यांचा सराव सुरू होतो ना रस्त्यावर, तो बघायला मला मुलगा घेऊन गेला. नंदीध्वजाची काठी किती उंच असते ते सोलापूरकराला सांगायला नको, आणि ती एक माणूस पेलून चालतो, बाकीचे भोवती. मी हे लहानपणापासून बघितलंय, दरवर्षी सिद्धरामेश्वरांना हात जोडलेत, पण त्या दिवशी पहिल्यांदा मी काठीकडं न बघता खाली बघितलं, काठी पेलणाऱ्याच्या पायांकडं. ते पाय एका जागी नव्हतेच. सारखी बारीक बारीक पावलं, इकडं अर्धं, तिकडं पाव. माझ्या मावसभावाचा मुलगा सरावात आहे, घामानं निथळत येऊन बसला, त्याला विचारलं, अरे ती कलायला लागली की धरून ठेवतोस कशी? तो म्हणाला, धरत नाही ओ आत्या, धरली तर गेलीच. ती जिकडं कलंल तिकडं आपण पाय टाकायचा.

मी घरी येऊन रेघेवर चालायची पद्धत बदलली. तोपर्यंत मी डगमगले की अंग ताठ करायचे, दात आवळायचे. आता जाईल तिकडं पाय टाकायला लागले. मॅडमना सांगितलं तर त्या हसल्या, हेच तर मी तुम्हाला सहा महिने सांगतेय. सांगितलं असेल. मला पायांमधून कळलं.

संक्रांतीत सम्मती कट्ट्याजवळ अक्षता टाकायला गेले. एवढ्या गर्दीत 'हर्र बोला हर्र' चा गजर झाला की मला आवाजाचा नुसता डोंगर जाणवतो, दिशा नाही, मी मुलाचा दंड धरला होता. अक्षता टाकायला मात्र हात सोडावा लागला.

एक वर्षाच्या एमआरआयमध्ये तो ज्वारीचा दाणा होता तेवढाच होता. दरवर्षी बघायचं. रिपोर्टच्या आधीचा आठवडा कसा जातो ते ज्याच्या घरात असं काही झालंय त्यालाच माहीत.

कामावर आले ती टेबलावर. पासच्या खिडकीत बसते. काच डावीकडं यायची म्हणून टेबल फिरवून मागितलं, साहेबांनी लगेच दिलं, आता उजवा कान खिडकीकडं असतो. पोरं पास घ्यायला येतात, ओ मॅडम, ओ मॅडम, गर्दीत कोण बोललं कळत नाही तेव्हा मी सांगते, बाळा, हात वर कर आणि बोल, मला एका कानानं ऐकू येत नाही. पहिल्यांदा हे मोठ्यानं म्हणताना जीभ अडखळली होती. गाडीवर परत जाता येईल का हे मी डॉक्टरांना दोनदा विचारलं, दोन्हीदा त्यांनी नको म्हटलं, गर्दीची गाडी, रात्रीच्या फेऱ्या, मागून हाक मारणारे लोक. मला पटतं. बिल्ला कपाटात ठेवलाय, खाकी ड्रेस अजून कुणाला दिलेला नाही.

फेब्रुवारीत मी एकटी एसटीनं अक्कलकोटला गेले, स्वामींच्या दर्शनाला. दोन वर्षांत पहिल्यांदा, एकटी आणि एसटीनं. पास काढलेला नव्हता म्हणून बायकांचं अर्धं तिकीट घेतलं, मी स्वतः कधीच कुणाला न दिलेलं. कंडक्टर नवी मुलगी होती, मला ओळखत नव्हती. मी तिचंच बघत होते. दोन्ही हात गुंतलेले, मांडीचा टेकू सीटला, आणि काही न धरता पुढं पुढं येत होती, आणि तिला त्याचं काही वाटत नव्हतं. तिनं डबल बेल दिली, मला ती उजव्या खिडकीतून आल्यासारखी वाटली. पण बेलची दोरी कुठं असते ते मला माहीत आहे.

वळसंग यायच्या थोडं आधी मी उठले. गल्लीत उभी राहिले, वरचा दांडा धरून. मग बोटं एक एक करून सोडली. नजर समोरच्या काचेतून लांब रस्त्यावर ठेवली, पाय थोडे फाकवले आणि मनात मामांच्या आवाजात मोजायला लागले. एक, दोन, तीन. गाडी डावीकडं गेली, पाय डावीकडं पडला. अकरा, बारा. ब्रेक लागला, मी एक पाऊल पुढं गेले, मांडी सीटला टेकली, तीच जागा, तोच जुना टेकू. शेजारच्या सीटवरून एक आजी सरकत म्हणाल्या, बाई, बस की गं, जागा हाय. त्या डावीकडं होत्या, पुढं काय म्हणाल्या ते मला ऐकू आलं नाही. मी पूर्ण मान वळवून उजवा कान त्यांच्याकडं केला, मान वळवली तशी सगळी गाडी एकदा हलली आणि परत जागेवर आली.

म्हटलं, बसते आजी. वळसंग जाऊ दे.